खाच पडलेलं वल्हं

कोर्टाचं समन्स आलं तेव्हा रतन वलांडीवर, म्हणजे बांबूंना ताणलेल्या दोऱ्यांवर, बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक अल्याड, एक पल्याड. लहानपणापासून हे काम केलेल्या बाईला हातांकडे बघावं लागत नाही. ती बघत होती समुद्राकडे, कारण भिकूची होडी ओहोट लागायच्या आत यायला हवी होती. तेवढ्यात अलिबागेचा पट्टेवाला नाकाला रुमाल लावून वाळूत येऊन उभा राहिला आणि विचारू लागला, गुणाजी कोळ्याची बायको रतन ती कोण.

आसपासच्या बायकांचे हात थांबले.

"रतन मीच," ती म्हणाली. "पन गुनाजीची बायको हितं कोन न्हाय. मी भिकूची."

पट्टेवाल्याला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. ते तिकडे साहेबाला सांग, म्हणाला. त्याने तिचा अंगठा दोन बोटांत धरला, शाईला लावला आणि कागदावर टेकवला. कागदावर शाईपेक्षा बोंबलाचं पाणीच जास्त उतरलं. पट्टेवाल्याने कागद वाऱ्यावर धरून वाळवला, रुमाल पुन्हा नाकाला लावला आणि आला तसा निघून गेला.

गुणाजी हा रतनचा पहिला नवरा. लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच तो मुंबईला गोदीत गेला आणि तिथून खलाशी म्हणून आगबोटीवर चढला. चार पावसाळे गेले, ना निरोप ना माणूस. मांडवखारच्या कोळी जमातीने दोनदा त्याच्याकडे माणसं धाडली. पहिल्यांदा तो सापडलाच नाही. दुसऱ्यांदा सापडला तो एका बाईच्या खोलीवर, आणि म्हणाला, तिला सांगा माझी वाट बघू नको. बरं, काडी मोडायला तरी गावी ये, असं माणसांनी विनवलं. तेवढ्यासाठी खाडा कोण करतो, म्हणाला.

नवरा असा हजरच होत नसला तर काय करायचं, ते जमातीने वाडवडिलांपासून ठरवून ठेवलं होतं. त्याचं वल्हं आणून देवळापुढे वाळूत आडवं ठेवायचं. वल्हं म्हणजे तो माणूस. त्याच्यावर पाटलाने गवताची काडी मोडायची आणि कोयत्याने दांड्यावर एक खाच पाडायची. बाई मोकळी झाली. खाच पडलेलं वल्हं पुन्हा कुणी पाण्यात घालत नाही. ते बाईने जपायचं, तोच तिचा कागद. बाळाजी पाटलाने रतनची काडी अशीच भर जमातीसमोर मोडली आणि पुढच्या माघात स्वतः उभं राहून भिकूशी तिचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावून दिला. पाटलाची बायको येसूबाई, तिने ओटी भरली. आता रतनच्या कडेवर दुर्गा होती, नुकतीच चालायला लागलेली. भिकूची म्हातारी आई ठमाबाई नातीला मांडीशी घेऊन जाळं सांधत बसे, आणि गुणाजीचं वल्हं चुलीवरच्या आढ्याला धुराने काळं होत टांगलेलं असे.

असं सगळं सुरळीत चाललेलं, आणि गणपतीच्या सुमारास गुणाजी गावात उगवला. आगबोटीवरून त्याला काढलं होतं. बायको दुसऱ्याची झालेली पाहून त्याला फारसं काही वाटलं असेल असं दिसलं नाही. प्यायला, जेवला, भावाच्या ओटीवर झोपला. पण गावची पोरं मोठी द्वाड. तो वाळूतून निघाला की ती मागून ओरडत, "वल्हं आयलं, वल्हं आयलं." माणूस बायको गेलेली सोसतो, हसं झालेलं सोसत नाही. गुणाजी पायांत बूट घालून अलिबागेला गेला. तिथे त्याला सांगणारा भेटला की सरकारच्या कायद्यात लाकडाला नवरा म्हणत नाहीत, बायकोवर आणि तिला ठेवणाऱ्यावर बेधडक फिर्याद ठोक. त्याने ठोकली.

भिकू होडीवरून आला तेव्हा त्याच्याही नावाचा कागद घरात पडला होता. तो मुळात मुखदुर्बळ माणूस. त्याने जाळं धुतलं, वाळत घातलं, भाकर खाल्ली, आणि मग म्हणाला, "उद्याच्या भरतीला निघू. खाडीपल्याड नवाबाचा मुलूख. हितला पट्टेवाला तिकडं येत न्हाय. काशीदला माजा मामा हाय."

त्यात काही खोटं नव्हतं. खाडीच्या एका काठाला सरकारचा कायदा आणि दुसऱ्या काठाला नवाबाचा, आणि मधलं पाणी मात्र कोळ्यांचं. होडीत जाळी टाकायची, म्हातारी आणि पोर बसवायची की झालं. पण रतनला ते मुळीच पटलं नाही. पळतात ते चोर. आपण काय चोरून केलं? पाचामुखी परमेश्वर म्हणतात, त्या पाचांनीच तर काडी मोडली. ती उठली आणि पाटलाकडे गेली.

बाळाजी पाटील आपल्या होडीला चुन्याचा आणि तेलाचा हात देत होता. उंच, सडसडीत, पांढऱ्या मिशांचा माणूस. गावातली भांडणं तोडताना तो साक्षीदाराला होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या उचललेल्या टोकावर, हात ठेवायला लावी. नाळेवर हात ठेवून खोटं बोलेल त्याला समुद्र परत आणत नाही, हे कोळ्यांना कुणी शिकवावं लागत नाही. स्वतः बाळाजी नाळेवर कधी खोटं बोलला नव्हता, आणि म्हणूनच तो पाटील होता.

रतनने सगळं सांगितलं. पाटलाने हात पुसला आणि न सांगता नाळेवर ठेवला.

"काडी मी मोडली," तो म्हणाला. "तू मोकली हास. पाट मी लावला. हे खरं हाय."

"अलिबागेला याल?"

"येन की. गाव करी ते राव न करी, पोरी. कोर्ट काय करनार हाय?"

रतन घरी आली आणि तिने भिकूला सांगितलं की पाटलाने नाळेवर हात ठेवला. भिकूने एकदा खाडीकडे बघितलं. मग होडीत टाकलेली जाळी त्याने उचलून पुन्हा खुंटीला लावली.

पुढचे महिने तारखांचे गेले. भल्या पहाटे निघून वाळूतून, मग बैलगाडीच्या वाटेने अलिबागेला पोचायचं, कोर्टाबाहेरच्या वडाखाली बसायचं आणि ऊन कलल्यावर ऐकायचं की आज होत नाही. एक दिवस गेला की होडी एक दिवस किनाऱ्याला. नाहीतर भिकूच्या जागी दुसरा कुणी डोल जाळं ओढायला जाई आणि त्याचा वाटा त्याला द्यावा लागे. वलांडीवरचे बोंबील ठमाबाई एकटी किती उलटणार? खालच्या दोरीवरचे कावळ्यांनी नेले. उन्हातून चालून रतनचं अंग दुखे, दुर्गाला पाजायला बसावं तर शिपाई हटकी, इथे नको, साहेबांची वाट आहे. बाकावर बसली तर शेजारचा कारकून उठून गेला. वास त्याला आला, आणि लाज रतनला वाटली. दोन वेळा तिने निघण्याआधी अंगाला चिकणमाती लावून अंघोळ केली. कोळणीचा वास असा मातीने जातो होय!

त्यांचे वकील रामचंद्रपंत चौलच्या वाडीवाल्यांपैकी, नारळी-पोफळीचे धनी. माणूस सरळ होता. पहिल्याच दिवशी त्यांनी ओटीवर सुपारी कातरत सांगून टाकलं की बाई, खोटा धीर देत नाही. तुमचा रिवाज तुमच्या गावात. नवऱ्याच्या संमतीवाचून त्याची बायको मोकळी करायचा अधिकार जातीला नाही, असं मुंबईच्या मोठ्या कोर्टाने कधीच ठरवून ठेवलं आहे. म्हणजे गुन्हा लागू होणार. पण पाटील पिंजऱ्यात उभा राहून सांगेल ना, की काडी मी मोडली आणि पाट मी लावला, तर तू लपूनछपून काही केलं नाहीस हे साहेबाला दिसेल. अज्ञानाने झालं म्हणून तो दिवसभर कोर्टात बसवून सोडून देईल. सगळा भार पाटलाच्या जबानीवर.

"पाटील बोलनार," रतन म्हणाली. "त्यांनी नालेवर हात ठेवला हाय."

रामचंद्रपंतांनी हे नीट ऐकलं नसावं, किंवा ऐकून सोडून दिलं.

जबानीच्या दिवशी रतनने आढ्याचं वल्हं सोडून घेतलं. खांद्यावर वल्हं, कडेवर पोर, मागे भिकू आणि ठमाबाई, अशी वरात अलिबागेच्या बाजारातून चालली तेव्हा लोक हसले. एकाने विचारलंसुद्धा, काय ग, कोर्टात होडी चालवणार काय? कोर्टाच्या दाराशी शिपायाने वल्हं अडवलं. लाकूड आत न्यायचं नाही, म्हणाला, भिंतीला टेकव. ह्याच्यावर खाच आहे, साहेबाला दाखवायची आहे, असं तिने सांगून पाहिलं. शिपायाने वल्हं तिच्या हातून काढून भिंतीला लावलं आणि शेजारी कुणाची तरी छत्री होती ती नीट केली.

आत कारकुनाने विचारलं, नवऱ्याचं नाव? बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. बाई, नाव, कारकून पुन्हा म्हणाला. तिने सगळ्या लोकांत, डोळे मिटून, "भिकू" म्हटलं. कारकुनाने लिहिलं आणि वाचून दाखवलं: रतन, नवऱ्याचं नाव गुणाजी.

सकाळी वडाखाली गुणाजीच्या वकिलाने बाळाजी पाटलाला बाजूला घेतल्याचं तिने पाहिलं होतं. वकील हळू बोलत होता आणि पाटील ऐकत होता. ते बोलणं तिला पुढे येसूबाईकडून कळलं. दुसऱ्याच्या बायकोचा पाट लावून देणाराही गुन्ह्यात येतो, असं वकिलाने त्याला समजावलं. तू कबूल केलंस तर तुलाही तिच्याशेजारी उभं करतील, आणि पाटाला जे जे पंच बसले होते त्यांनाही. सारी जमात तुरुंगात बसवशील काय?

पाटलाचं नाव पुकारलं. तो पिंजऱ्यात चढला. शिपायाने देवाला स्मरून खरं सांगेन असं म्हणायला सांगितलं, ते त्याने म्हटलं. त्याचे दोन्ही हात कठड्याखाली होते. रतनला एकाएकी वाटलं, ह्यांच्या हाताला धरायला काही नाही.

गुणाजीच्या वकिलाने विचारलं, जमातीने हिचा काडीमोड केला का?

"जमातीनं काय केलं न्हाय," बाळाजी पाटील म्हणाला. "ती आपल्या मनानं त्याच्या घरात गेली."

रामचंद्रपंत ताडकन उठले. बाहेर एक वल्हं आहे, त्याच्या दांड्यावर खाच आहे, ती कुणी पाडली, असं त्यांनी दरडावून विचारलं.

"वल्ह्याला खाचा कशानं पन पडतात," पाटील म्हणाला. तो रतनकडे बघत नव्हता, आणि भिकूकडेही नाही. भिकू मात्र त्याच्याकडे बघत होता, वादळ ओळखायला माणूस आभाळाकडे बघतो तसा. बाकीचे पंच आले, त्यांनीही तेच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर प्रत्येकाने पागोटं नीट केलं.

साहेबाने निकाल वाचला. जातीला असा अधिकार नाहीच, पण इथे तर जातही म्हणते की आम्ही काही केलं नाही. तेव्हा आरोपीने समजून उमजून पहिला नवरा जिवंत असता दुसरा केला. भिकूला एक वर्ष, रतनला तीन महिने. कोण जिंकलं म्हणावं तर गुणाजी, पण कायद्याने पुन्हा आपली झालेल्या बायकोकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. आठवड्याच्या आत त्याला दुसरी आगबोट मिळाली आणि तो गेला.

रतनला शिपायांनी बाहेर आणलं तेव्हा पाटील पायऱ्या उतरत होता. भिंतीला टेकलेल्या वल्ह्याच्या अंगावरून तो गेला, पण मान वळवली नाही. ठमाबाईने एका कडेवर दुर्गाला घेतलं, दुसऱ्या खांद्यावर ते वल्हं घेतलं, आणि मांडवखारची वाट धरली. तिला कुणीही हात दिला नाही. तिच्या मागूनच गावची सगळी माणसं चालत होती.

तुरुंगात रतनने जातं ओढलं. पहिल्या आठवड्यात अंगावरचं दूध दाटून आलं, ताप चढला, मग ते आटलं. भिकूला ठाण्याला नेलं होतं. रोज दळताना ती एकच गोष्ट मनाशी घोळवत असे, की भरती होती, होडी होती, मामा होता, आणि मीच त्याला जाळी खुंटीला लावायला लावली. पाटलावरचा राग ह्या आठवणीपाशी येऊन तिच्यावरच उलटे.

ती सुटून आली ते आषाढ लागता लागता. दुर्गाने तिला ओळखलं नाही. ती ठमाबाईच्या लुगड्यामागे लपली आणि तिथून बघत राहिली. रतनने पोरीला बळेच जवळ घेतलं नाही. ती चुलीपाशी बसली आणि ओला फाटा फुंकता फुंकता रडली, म्हणजे धुरावर घालता येतं.

गावाने तिला वाळीत वगैरे टाकलं नाही. उलट. बायकांनी तांदूळ आणून दिले, येसूबाईने चोरून तुपाची वाटी पाठवली आणि रडत रडत वडाखालचं बोलणं सांगितलं. पाटील दिसला की पूर्वीसारखाच "कशी हास पोरी" म्हणे. तिला वाटे, हा माणूस एक तर मनाने मेला असावा, नाहीतर त्याला काही वाटतच नसावं. दोन्ही नव्हतं, हे तिला नारळी पुनवेला कळलं.

पुनवेला सारा कोळीवाडा वाळूत जमला. होड्यांना रंग दिलेला, नाळांना हळदीकुंकू लावलेलं, वाजंत्री वाजत होती. पाटलाच्या होडीने आधी पाण्यात उतरायचं, नारळ वाहायचा, मग बाकीच्यांनी. पाटील नाळेपाशी आला तेव्हा रतन पुढे झाली. वाजंत्री आपोआप थांबली.

"पाटील," ती म्हणाली, "माजी काडी कुनी मोडली?"

तिला वाटलं होतं, तो गडबडेल, हात मागे घेईल. तसं काही झालं नाही. बाळाजीने उजवा हात नाळेवर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"मी मोडली. पाट मी लावला. रतन भिकूची बायको हाय, आनि तिची पोर भिकूची पोर हाय. जमातीत कुनी वेगलं बोलंल त्यानं माज्याशी बोलावं." मग आवाज उतरवून तो तिला म्हणाला, "तकडं बोललू ते तकडलं. ती काय आपली शपथ हाय? त्यांची शपथ, त्यांचं देव. हितं मी खोटं बोललू न्हाय, पोरी."

लोकांनी माना डोलावल्या. म्हाताऱ्यांनी 'वा' म्हटलं. जमातीने न्याय केला होता आणि सगळ्यांना हलकं वाटत होतं. पाटलाचे डोळेसुद्धा भरून आले होते. तो मनापासून बोलत होता, आणि तेच रतनला सोसवेना. खरं ह्याच्यापाशी होतं. सगळ्यांपाशी होतं. त्यांनी ते घरी ठेवलं आणि भिकूला तुरुंगात पाठवलं. आता ते वाळूत आणून ओततायत, जिथे त्याचा कुणाला काडीचा उपयोग नाही.

"खरं बोललाव," रतन म्हणाली. "आता तुमचं वल्हं द्या."

पाटलाला कळेना. तिने उत्तराची वाट पाहिली नाही. त्याच्या होडीतलं मोठं वल्हं, हळदीकुंकू लावलेलं, तिने ओढून काढलं आणि वाळूत आडवं ठेवलं. केसांत खोचलेली गवताची काडी काढली. ती घरूनच आणली होती.

"जो हजर न्हाय त्याचं वल्हं ठेवायचं, असा आपला रिवाज हाय," ती म्हणाली. "अलिबागेला मी हजर व्हती. भिकू हजर व्हता. जमात हजर नव्हती. म्हनून जमातीचं वल्हं. आजपास्न माजी आनि ह्या जमातीची काडी मोडली."

तिने काडी मोडली आणि दोन्ही तुकडे वल्ह्यावर टाकले. मग कमरेची कोयती काढली आणि दांड्यावर घाव घातला. पहिल्या घावाला रंग उडाला, दुसऱ्याला लाकूड दिसलं.

"जमातीशी काडी मोडता येत न्हाय," पाटील म्हणाला. "असा रिवाज न्हाय आपल्यात."

"नव्हता," रतन म्हणाली. "आता झायला."

भिकूची लहान होडी पलीकडे खाडीच्या तोंडाशी होती. तिच्यात गाठोडी, जाळी आणि ठमाबाई आधीच बसली होती. रतनने दुर्गाला उचललं, पोर ह्या वेळी लपायला गेली नाही, आणि ती पाण्यातून चालत होडीपर्यंत गेली. घरातून आणलेलं गुणाजीचं काळं वल्हं तिने मागे वाळूतच टाकलं होतं. काशीदच्या बाजूला जाणारी ती होडी बराच वेळ दिसत होती. सुटल्यावर कुठे यायचं ते भिकूला कळवायला ठाण्याला माणूस तिने त्याच सकाळी धाडला होता.

इकडे वाजंत्रीवाले पाटलाच्या तोंडाकडे बघत होते. भरती पुरी भरली होती, नारळ तयार होता. पाटलाचा मुलगा पुढे झाला आणि वाकून वल्ह्याला हात लावणार, तोच एक म्हातारा खाकरला. मुलाने हात मागे घेतला. खाच पडलेलं वल्हं पाण्यात घालत नाहीत, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. कुणी दुसरं वल्हं आणायला गेलं नाही, आणि आपलंही कुणी पुढे केलं नाही. ओहोट लागली तरी पाटलाची होडी वाळूतच होती, आणि पहिली तीच उतरायची हा रिवाज, म्हणून त्या वर्षीच्या पुनवेला दुसरी कुणाचीच उतरली नाही.